बोजोलेच्या आठ बाटल्या, झाकून: चवीवरून गाव ओळखता येतं का?

चंचुपात्र:

परवाच्या शनिवारी घरी एक उद्योग केला, त्याचा हा वृत्तांत. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही फ्रान्समध्ये लिऑनला राहतो. इथून उत्तरेला गाडी काढली की अर्ध्या-पाऊण तासात बोजोले या वाइनच्या मुलखाच्या टेकड्या सुरू होतात. लिऑनला तीन नद्या आहेत, रोन, सोन आणि बोजोले, असं इथले लोक गमतीनं म्हणतात. इथल्या जुन्या खाणावळींत ही तिसरी नदी जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीतून टेबलावर येते. बूड इतकं जाड की बाटली दिसते मोठी आणि संपते लवकर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, आपल्याला फसवलं.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोन नदीच्या पश्चिमेला उत्तर-दक्षिण पसरलेला साधारण ५५ किलोमीटरचा हा पट्टा. इथल्या रेड वाइनसाठी द्राक्ष एकच, गामे. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपनं या गामेला ‘अत्यंत वाईट आणि बेइमान’ ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकायचा हुकूम काढला. उत्पन्न भरपूर द्यायची, हाच तिचा गुन्हा. पिनो न्वार या बर्गंडीच्या लाडक्या द्राक्षाच्या शेजारून हाकललेली ही वेल दक्षिणेला ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र सुखानं नांदली. (गंमत म्हणजे जनुकं तपासल्यावर ती पिनोचीच लेक निघाली.)

उत्तरेकडच्या दहा ठिकाणांना आपापल्या नावानं वाइन विकायचा हक्क आहे. त्यांना क्रू म्हणतात: सँतामूर, जुलियेना, शेना, मूलाँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रूयी, कोत द ब्रूयी. मोर्गों, फ्लरी वगैरे मंडळी १९३६ पासूनची मानकरी. रेन्येला मात्र १९८८ पर्यंत ताटकळावं लागलं. पुस्तकात प्रत्येकाची जन्मपत्रिका असते. फ्लरी नाजूक आणि फुलांच्या वासाची, मोर्गों भरदार, मूलाँ-आ-व्हाँ सगळ्यांचा राजा, शिरूब्ल सगळ्यात उंचावरची म्हणून हलकी. मी रसायनशास्त्रवाला माणूस. द्राक्ष एक, गावं एकमेकांना खेटून, आणि स्वभाव मात्र दहा? लेबल झाकलं तर कळेल का?

म्हणून सहा गावांच्या सात वाइन आणल्या. मोर्गोंच्या दोन, एकाच घराण्याच्या, एक २०२० ची आणि एक २०२१ ची. आठवी बाटली बायकोनं गुपचूप आणायची आणि ती या सातांपैकीच कुठलीतरी एक असायची, असा बेत. कुठली ते मलाही ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना तर आठवी दुबार आहे हेच ठाऊक नव्हतं. माझ्या दोन जुन्या पायजम्यांचे पाय कापून बायकोनं आठ पिशव्या शिवल्या, बाटल्यांच्या मानेवरचं टोपण-वेष्टण पार खरवडून काढलं (त्याच्या रंगावरून ओळखणारे महाभाग असतात), आणि खडूनं आकडे घातले. ओतायचं काम तिचं.

चाखणारे आम्ही सहा. मी, इथली दोन मराठी जोडपी, आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा. आजोबा मोर्गोंच्या गावचे. जन्म तिथला, बालपण द्राक्षमळ्यात. ते येतो म्हणाले तेव्हाच आमच्या पोटात गोळा आला.

प्रत्येकानं तीन गोष्टी लिहायच्या: वीसपैकी गुण, गाव कुठलं, आणि वर्ष उन्हाचं की गारठ्याचं. २०२० आणि २०२२ ही तापलेली वर्षं होती. २०२० ला तर तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. २०२१ ला एप्रिलमध्ये हिमदव पडलं आणि पुढे उन्हाळाभर पाऊस.

निकाल:

सहावी बाटली, २०१५ ची शेना, बाद. बुचाचा रोग. पावसाळ्यात दोन महिने बंद राहिलेल्या घराचं दार उघडल्यावर जो वास येतो ना, ओलं गोणपाट आणि भिजलेला पुठ्ठा, तोच. कारण टीसीए नावाचं संयुग. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. तब्येतीला अपाय नाही, जिवाला मात्र फार लागलं, कारण ती बाटली मी पाच वर्षं सांभाळली होती.

उरल्या सात बाटल्या, सहा माणसं, म्हणजे गाव ओळखायच्या बेचाळीस संधी. बरोबर किती? दहा. सहा गावांतलं कुठलंही डोळे मिटून ठोकलं असतं तरी सात आले असते.

वर्ष मात्र बेचाळीसपैकी तेहतीस वेळा बरोबर. २०२१ च्या दोन्ही वाइन, फ्लरी आणि मोर्गों, जिभेवर टेकताच कळत होत्या. रंग पातळ, आंबटपणा टोकदार, अर्धवट पिकलेल्या करवंदासारखा. उन्हाच्या वर्षांना जांभळाचा गर, थोडा मुरंब्याचा वास, आणि घशात मद्यार्काची ऊब.

लाकूडही कळलं. खडूनं आठ आकडा घातलेली बाटली, मूलाँ-आ-व्हाँ २०२०, ओकच्या पिंपात राहिलेली. सहापैकी पाच जणांनी ‘लाकूड’ लिहिलं. पण गावाचं नाव बरोबर लिहिणारे तिघंच.

आता दुबार बाटलीची गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते. मोर्गों २०२० दोनदा होती, तिसरी आणि सातवी. माझ्या कागदावर तिसरीसमोर लिहिलंय: ‘बंद, तुरट, चिडकी. १३.’ सातवीसमोर: ‘जांभूळ, लवंग, शेवटी गुलकंद. आजची सर्वोत्तम. १६.’ एकच वाइन! एकाच खोक्यातल्या बाटल्या, एकाच वेळी उघडलेल्या.

आणि आजोबा? त्यांनी तिसरीला फ्लरी म्हटलं, सातवीला मूलाँ-आ-व्हाँ, आणि चौथी तोंडात घोळवून, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘ही आमच्या गावची.’ चौथी होती कोत द ब्रूयी.

पिशव्या काढल्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग आजोबा उठून वर गेले. आम्हाला वाटलं रागावले. दहा मिनिटांनी धुळीनं माखलेली एक बाटली घेऊन आले, लेबल तळव्यानं झाकलेलं. ओतली. विटकरी कडा, ओल्या मातीचा वास, वाळलेली गुलाबपाकळी, तुरटपणा विरघळून रेशमासारखा. आम्ही सगळे एका सुरात: ‘बर्गंडी. पिनो.’ हात काढला: मूलाँ-आ-व्हाँ, २००९. इथे यासाठी खास क्रियापद आहे, पिनोते. जुनी झालेली चांगली गामे पिनोसारखी वागायला लागते. तसंच मोर्गोंवरून मोर्गोने. आजोबांचा हिशोब चुकता झाला.

माझं मत असं झालंय की बोजोलेत आधी वर्ष बोलतं, मग वाइन करणाऱ्याचा हात, आणि गाव अगदी हळू आवाजात, तेही खोलीत शांतता असेल तर. तुमचं काय म्हणणं?

तिरकस:

मी पयला!

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. सहा हौशी माणसं एका बैठकीत आठ ग्लास रिचवतात, सातव्याला सर्वोत्तम म्हणतात, आणि दोष गावाचा? सातव्या ग्लासाला मला पाणीपुरीचं पाणीसुद्धा सर्वोत्तम लागेल.

चंचुपात्र:

तिरकसराव, थुंकायला पिकदाणी ठेवली होती! (बायकोची स्टीलची बरणी. आता ती डाळीला परत घेणार नाही म्हणते.) पण मुद्दा रास्त आहे. क्रमाचा परिणाम होतोच. तिसऱ्या ग्लासाआधी फ्लरी २०२१ होती, पातळ आणि आंबट. तिच्यामागून आलेली भरदार वाइन तुरट वाटणारच. सातव्याआधी तो बुचाचा ओला गोणपाट. त्यानंतर काहीही अमृत.

अबोली:

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका. बोजोले म्हणजे ते नोव्हेंबरातलं केळ्याच्या वासाचं गुलाबी पाणी ना? पॅरिसला ऑफिसात दर वर्षी पाजतात. त्यात कसली गावं आणि कसला स्वभाव?

चंचुपात्र:

अबोलीताई, ते नूव्हो. सप्टेंबरात तोडलेलं द्राक्ष नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाटलीत. ही विक्री १९५१ पासून सुरू झाली, आणि तिसरा गुरुवार १९८५ पासून ठरला. पण दहा क्रूंना नूव्हो करायला परवानगीच नाही. तुम्ही प्यायलात ती बहुतेक दक्षिणेकडच्या पट्ट्यातली, जिथे ग्रॅनाइट संपून चुना आणि चिकणमाती लागते.

केळ्याचा वास गावाचाही नाही आणि द्राक्षाचाही नाही. इथे अख्खे घड, देठासकट, टाकीत टाकतात. चिरडत नाहीत. टाकी कार्बन डायऑक्साइडनं भरते आणि हवा नसल्यामुळे मण्याच्या आतल्या आत आंबणं सुरू होतं. तळातले मणी वजनानं फुटतात, तिथे नेहमीसारखं यीस्टचं काम चालतं. या पद्धतीनं फळाचा वास खूप येतो, तुरटपणा कमी. त्यात ठरावीक यीस्ट आणि घाई मिसळली की आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार होतं. पेपरमिंटच्या गोळ्यांत केळ्याचा वास म्हणून जे घालतात, तेच.

म्हणूनच मी ‘हात’ म्हणतो. कोणी अख्खे घड पाच-सहा दिवस ठेवतो, कोणी तीन आठवडे. कोणी लाकडी जाळीनं सालं रसाखाली दाबून ठेवतो. कोणी देठ काढून बर्गंडीसारखं करतो आणि ओकच्या पिंपात घालतो. शेजारच्या दोन गावांत जेवढा फरक नाही, तेवढा या निर्णयांत आहे. झ्यूल शोव्हे हे इथलेच व्यापारी आणि रसायनतज्ज्ञ. गंधक कमी, यीस्ट मळ्यातलंच, असा धडा त्यांनी दिला. मोर्गोंच्या मार्सेल लापिएर, झाँ फोयार वगैरे मंडळींनी तो १९८० च्या दशकात गिरवला. त्यांच्या बाटल्या मोर्गोंच्या चवीच्या की शोव्ह्यांच्या चवीच्या, हा वाद इथे अजून रात्री बारापर्यंत रंगतो.

नाशिकचा_बागायतदार:

वाचतोय, मजा येते आहे. मी पिंपळगावकडचा. खाण्याची द्राक्षं जास्त, चार एकर वाइनची, शिराझ.

तुम्ही वर्षाचं म्हणता ते आम्हाला वेगळ्या प्रकारे भोगावं लागतं. तुमच्याकडे वेल हिवाळ्यात झोपते. आमच्याकडे झोपतच नाही, तिला आम्ही छाटणीनं उठवतो. एप्रिलला खरड छाटणी, काडी तयार करायला. ऑक्टोबरला गोडी छाटणी, फळासाठी. म्हणजे छाटण्या दोन, पीक एक, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. छाटणीनंतर अवकाळी आला की डाऊनी बुरशी, मणी भरताना आला की तडे. त्यामुळे एकाच गावात पंधरा दिवस पुढेमागे छाटलेल्या दोन बागांचं ‘वर्ष’ वेगळं असतं. तुमच्या झाकलेल्या खेळात आमचं नाशिक आणलं तर वर्षाऐवजी छाटणीची तारीख ओळखावी लागेल!

एक विचारायचं होतं. तिकडे वेली मांडवावर की वाय आकाराच्या आधारावर?

चंचुपात्र:

दादा, मांडवही नाही आणि वायही नाही. जुने मळे गोब्ले पद्धतीचे, म्हणजे पेला. गुडघ्याएवढं खोड, त्यातून चार-पाच बोटं वर, तारा नाहीत, काही नाही. लांबून बघितलं तर काळे पंजे जमिनीतून वर आलेत असं वाटतं. हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली. ट्रॅक्टर घुसत नाही, फवारणी-खुरपणी वाकूनच. त्यामुळे नवी पिढी तारांवर जाते आहे. तोडणी मात्र क्रूंच्या मळ्यांत अजून बहुतेक हातानंच. अख्खा घड टाकीत जायचा असेल तर यंत्र चालत नाही.

तोडणीला मी एकदा एक दिवस गेलो होतो. दुपारी जेवायला बसलो ते पुन्हा उठता येईना. शेजारचा पोरगा म्हणाला, पहिल्या दिवशी कंबर जाते, तिसऱ्या दिवशी परत येते. मी दुसऱ्या दिवशीच पळालो.

खडकवासी:

भूगर्भवाला असल्यामुळे राहवत नाही.

पहिली गोष्ट: ग्रॅनाइटवर उगवलं म्हणून वाइनला ग्रॅनाइटची चव येत नाही. मुळं दगड खात नाहीत. जमीन काम करते ती पाण्यातून आणि उष्णतेतून. फ्लरी-शिरूब्लकडचा गुलाबी ग्रॅनाइट कुजून भरड वाळू होते. पाणी भरभर खाली जातं, वेल थोडी तहानलेली राहते, मणी लहान राहतात. मोर्गोंच्या कोत द्यू पी टेकडीवर कुजका, फुटीर खडक आहे, लोक त्याला ‘सडका दगड’च म्हणतात. कोत द ब्रूयीचा निळा दगड ही जुनी ज्वालामुखी जातीची, पुढे रूपांतरित झालेली भानगड. तुमचे आजोबा निळ्या दगडाला आपला समजले, यात मला फारसं आश्चर्य नाही. दोन्ही खडक ग्रॅनाइटपेक्षा एकमेकांना जवळचे आहेत. चुकले, पण चुकीच्या घरात नाही, शेजारच्या घरात शिरले.

दुसरी गोष्ट: मूलाँ-आ-व्हाँच्या मोठेपणाचं श्रेय मँगनीजला देतात. वाइनचं मला माहीत नाही, पण मँगनीज आहे हे नक्की. त्या भागात खाणी होत्या, आणि रोमानेशाइट नावाचं खनिज तिथल्याच रोमानेश गावावरून आलंय. आणि मूलाँ-आ-व्हाँ नावाचं गावच नाही! पवनचक्कीचं नाव आहे ते. मळे रोमानेश-तोराँ आणि शेनाच्या हद्दीत. म्हणजे चंचुपात्र, तुम्ही ‘गाव’ ओळखायला सांगत होतात तेव्हा निदान एक उत्तर गाव नव्हतंच.

चंचुपात्र:

साष्टांग दंडवत. ‘शेजारच्या घरात शिरले’ हे वाक्य आजोबांना फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की आज जिन्यात भेटेल त्याला ऐकवत होते.

ब्रूयी हेही डोंगराचं नाव, बरोबर? माँ ब्रूयी, ४८४ मीटर. माथ्यावर छोटं देऊळ आहे, ‘द्राक्षांची माता’. एकोणिसाव्या शतकात भुरी रोगानं मळे उद्ध्वस्त झाले तेव्हा नवस म्हणून बांधलेलं. बागायतदार दादा, तुमच्याकडे भुरीला गंधक मारतात. इथे गंधक आणि देऊळ दोन्ही.

नाशिकचा_बागायतदार:

भुरीला देऊळ! डाऊनीला काय बांधावं लागेल मग, ज्योतिर्लिंग?

तिरकस:

अवांतर वाटेल, पण नाही. देवगडचा हापूस की रत्नागिरीचा, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. आई रत्नागिरीची, बाबा सिंधुदुर्गातले. एका मे महिन्यात मी दोन्हीच्या फोडी करून, सालं काढून, ताटलीत ठेवल्या. बाबांनी रत्नागिरीला देवगड म्हटलं. आईनं दोन्हीला रत्नागिरी म्हटलं. आणि पेटीवर देवगड लिहिलेला कर्नाटकचा आंबा आणून मिसळला असता तर काय झालं असतं, ते विचारू नका. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दोघांनीही पेढे वाटले, वेगवेगळे.

पण म्हणून देवगड आणि रत्नागिरीत फरक नाही? आहे. सालीची जाडी, देठाकडचा वास. फक्त नाव सांगा म्हटलं की जीभ गोंधळते. ओळखणं आणि नाव ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या खेळात तुम्ही फक्त दुसरं तपासलंत.

पार्ल्याच्या_मावशी:

मी काही पीत नाही, पण सगळं वाचलं. दोन प्रश्न.

एक, ते ‘शेना’ असंच म्हणतात का रे? सडक्या वासाची नेमकी तीच बाटली निघावी! नावाप्रमाणेच की.

दोन, एवढी माणसं बोलावलीस, आठ बाटल्या उघडल्यास, जेवायला काय केलंत ते एका ओळीनं तरी लिही. बायकांनी केलं ना सगळं?

चंचुपात्र:

मावशी, शेवटचा स उच्चारत नाहीत, म्हणून शेना. मूळ शब्द शेन, म्हणजे ओकचं झाड. पूर्वी तिथे ओकची रानं होती. बाटली सुंघताच आमच्या एका वहिनींनी हाच विनोद केला आणि आजोबांना समजावून सांगता सांगता पुरेवाट झाली. शेण म्हणजे काय हे कळल्यावर ते म्हणाले, छे, शेण बरं.

जेवण मी केलं! बायको ओतणारी होती, तिला सुट्टी. मटणाचा रस्सा, साताऱ्याहून आलेला कांदा-लसूण मसाला घालून, भाकरी इथे जमत नाही म्हणून बाजारचा पाव, आणि भरली वांगी. त्यातून एक गोष्ट कळली, ती चाखण्यापेक्षा उपयोगी आहे. गुणांत पहिल्या आलेल्या दोन वाइन, मूलाँ-आ-व्हाँ आणि मोर्गों २०२०, रश्श्यासमोर सपशेल पडल्या. साडेतेरा-चौदा टक्के मद्यार्क आणि ओकचा तुरटपणा. तिखटाची आग मद्यार्कानं भडकते, आणि तुरटपणा वर तोंड कोरडं करतो. सुपारी चघळून मिरची खाल्ल्यासारखं. शेवटच्या क्रमांकाची फ्लरी २०२१ मात्र, बारा टक्क्यांची, आंबटसर, फ्रिजमधून नुकतीच काढलेली, रश्श्याबरोबर सोलकढीचं काम करत होती. सगळ्यात आधी तीच बाटली रिकामी झाली. गुणपत्रिका फेकून द्यावीशी वाटली.

अबोली:

हे खरं उपयोगाचं! पण रेड वाइन फ्रिजमध्ये?

चंचुपात्र:

गामेला चालतं, किंबहुना लागतंच. तेरा-चौदा अंश. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची. ‘खोलीच्या तापमानाला’ ही सूचना युरोपातल्या जुन्या थंड घरांची आहे, मे महिन्यातल्या पुण्याची नव्हे.

आकडेमोड:

उशिरा आलो. तिरकस यांचा मुद्दा अगदी मोक्याचा आहे आणि त्याला साधा उपाय आहे. त्रिकोणी चाचणी करा. तीन ग्लास, दोनात एकच वाइन, एकात दुसरी. गाव विचारू नका, वर्ष विचारू नका. फक्त वेगळा ग्लास कुठला? आणि दोन्ही वाइन एकाच घराण्याच्या, एकाच वर्षाच्या, एकाच पद्धतीनं केलेल्या, फक्त गाव वेगळं, अशा घ्या. म्हणजे ‘हात’ आणि ‘वर्ष’ दोन्ही बाजूला पडतात आणि उरतं ते गाव. नुसत्या नशिबानं तिनात एकदा बरोबर येईल.

बेचाळीसपैकी दहाचं म्हणाल, तर सातच्या जागी दहा येणं हे काही सिद्ध करत नाही. पण ‘गाव नाही’ हेही सिद्ध करत नाही. ‘हळू आवाजात’ हा शब्द तुम्ही बरोबर वापरलात.

चंचुपात्र:

आकडेमोडसाहेब, आज्ञा शिरसावंद्य. काल रात्री करून पाहिलं.

मोर्गोंच्या त्याच घराण्याचा फ्लरीतही एक तुकडा आहे. दोन्ही २०२१ च्या, दोन्ही अख्ख्या घडांच्या, दोन्ही जुन्या पिंपांत तेवढेच महिने. या वेळी ओतणारा मी. चाखणारे तिघं: बायको, आजोबा, आणि तो पुण्याचा मित्र, जो गेल्या खेपेला ‘माझं नाक कुत्र्याचं आहे’ असं सांगत होता. प्रत्येकी तीन फेऱ्या. दिवे मंद, म्हणजे रंगावरून कळायला नको.

मित्र: तीनपैकी शून्य. कुत्र्याला सर्दी झाली होती म्हणे.

बायको: तीनपैकी दोन. ती म्हणाली, चवीत काही कळत नाही, पण एक ग्लास गिळल्यावर हिरड्यांना किंचित चिकटतो आणि दुसरा नाही. तिनं एवढंच धरून ठेवलं.

आजोबा: तीनपैकी तीन. दोनदा तर तोंडात न घेता, नुसतं सुंघून. ग्लास उचलायचे, खाली ठेवायचे, पुन्हा पहिला उचलायचे, आणि मग वेगळ्या ग्लासाच्या बुडावर बोटानं टकटक.

एकूण नऊपैकी पाच.

आकडेमोड:

नुसत्या नशिबानं नऊपैकी पाच किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण सातात एक. तेवढ्यावर मी पैज लावणार नाही. पण एकटे आजोबा: तीनपैकी तीन, सत्तावीसात एक. आजोबांवर लावेन.

तिरकस:

म्हणजे गाव आहे! आजोबांना ऐकू येतं, तुम्हाला नाही. माझा हापूस जिंकला.

चंचुपात्र:

थांबा, पुढचं सांगायचं राहिलं. तिन्ही फेऱ्यांत बरोबर आल्यावर मी न राहवून विचारलं, की आता सांगा, यातली मोर्गों कुठली? आजोबांनी तिन्ही वेळा, एका क्षणाचाही विचार न करता, फ्लरीचा ग्लास उचलला.